केट बुश ऐकायची आहे? कुठून सुरू करायचं आणि पुढे कसं जायचं

2022 मध्ये स्ट्रेंजर थिंग्ज या मालिकेचा चौथा सीझन आला आणि त्यातल्या मॅक्स या मुलीच्या कानात वाजणारं, ब्रिटिश गायिका केट बुशचं रनिंग अप दॅट हिल हे गाणं सगळ्या जगाने ऐकलं. तेव्हापासून मला बरेच जण विचारतात की ते एक गाणं तर जाम आवडलं पण पुढे काय ऐकू, अल्बम उघडला तर काहीतरी भलतंच वाजायला लागलं, मग बंद केलं. हे अगदी खरंय. केट बुशचे स्टुडिओ अल्बम आहेत फक्त 10, पण 1978 पासून 2011 पर्यंत पसरलेले आणि एकाचा दुसऱ्याशी मेळ नाही, त्यामुळे चुकीच्या दारातून आत शिरलं की माणूस परत फिरतो. मीही पूर्वी एकदा परत फिरलोय. म्हणून हे लिहितोय, ज्यांना ती खरंच ऐकायचीय त्यांच्यासाठी, पायरीपायरीने.

आधी थोडी तयारी. हेडफोन घ्या, फोनच्या स्पीकरवर निम्म्याहून जास्त गोष्टी ऐकूच येत नाहीत, मागे कुजबुज असते, काच फुटते, पक्षी बोलतात. शफल बंद करा. गाण्याचे शब्द नेटवर सहज मिळतात, ते समोर ठेवा, कारण इंग्रजी कितीही चांगलं असलं तरी तिचे उच्चार पहिल्या वेळी हातातून निसटतात. आणि प्रत्येक गाणं सुरू करताना स्वतःला एकच प्रश्न विचारा: हे कोण बोलतंय?

हा प्रश्न म्हणजे किल्ली आहे असं मी म्हणेन. आपल्याला ही गोष्ट खरं तर नवी नाही. एकनाथांच्या भारुडात जो "मी" असतो तो नाथ नसतात, कधी विंचू चावलेला माणूस असतो, कधी जोशी, कधी गोंधळी, आणि गाणारा त्या सोंगात शिरूनच गातो. केटचं बरंचसं असंच आहे. तिच्या गाण्यातली "मी" कधी भूत असते, कधी पोटातलं बाळ, कधी मुलगा गमावलेली आई, कधी बँक लुटायला निघालेला चोर, आणि जसं सोंग तसा आवाज. ती स्वतःच्या प्रेमभंगाची डायरी वाचून दाखवतेय असं समजून ऐकलंत तर काहीच लागणार नाही.

पायरी १: जे माहितीय तेच पुन्हा, नीट

रनिंग अप दॅट हिल पुन्हा लावा. यावेळी फक्त ड्रम ऐका. तो ठोका सुरू होतो तो शेवटपर्यंत थांबत नाही, घोडा दौडतोय तसा, आणि त्याच्यावर तो जो विव्हळणारा सूर आहे ना, तो फेअरलाइट नावाच्या मशीनवर वाजवलाय. फेअरलाइट म्हणजे सुरुवातीच्या काळातला सॅम्पलर, कुठलाही खरा आवाज त्यात भरायचा आणि पियानोसारख्या पट्ट्यांवर वाजवायचा. तेव्हा त्याची किंमत घराच्या किमतीच्या आसपास जायची, त्यामुळे मोजक्याच लोकांकडे होता.

आता शब्द बघा. एक बाई म्हणतेय की मी देवाशी सौदा करीन, आम्हा दोघांच्या जागांची अदलाबदल करून दे, म्हणजे त्याला कळेल मी काय भोगतेय आणि मला कळेल तो काय भोगतोय. बस इतकंच. गाण्याचं तिने ठरवलेलं नावही "अ डील विथ गॉड" असंच होतं, पण नावात देव आला तर काही देशांत रेडिओवाले वाजवणार नाहीत असं रेकॉर्ड कंपनीचं म्हणणं पडलं आणि तिने ते बदललं. ही तडजोड तिला मनापासून पटली नव्हती हे तिने पुढे बोलून दाखवलंय. 1985 मध्ये ते ब्रिटनमध्ये तिसऱ्या नंबरपर्यंत गेलं, आणि नंबर वन झालं 37 वर्षांनी, जून 2022 मध्ये, ती 63 वर्षांची असताना.

पायरी २: आता 1978, आणि इथे धीर धरा

बहुतेक लोक इथे अडकतात. वदरिंग हाइट्स लावलं की तो अतिशय उंच, टोकदार आवाज येतो आणि हात आपोआप बंद करायच्या बटणाकडे जातो. माझाही गेला होता. म्हणून विचारा, कोण बोलतंय? कॅथी बोलतेय, एमिली ब्रॉन्टेच्या याच नावाच्या कादंबरीतली, जी मेलीय, आणि रात्री खिडकीबाहेर गारठत उभी राहून आपल्या प्रियकराला, हीथक्लिफला, आत घे म्हणतेय. भुताचा आवाज आहे तो, म्हणून तसा लावलाय. हे एकदा कळलं की तोच आवाज अंगावर काटा आणतो.

हे गाणं लिहिताना ती 18 वर्षांची होती. टीव्हीवर त्या कादंबरीवरच्या मालिकेची शेवटची काही मिनिटं बघितली, त्यातून सुचलं. योगायोग बघा, तिचा आणि एमिली ब्रॉन्टेचा वाढदिवस एकच, 30 जुलै. कंपनीला, म्हणजे ईएमआयला, पहिलं सिंगल, म्हणजे अल्बमआधी सुटं काढायचं गाणं, म्हणून दुसरंच एक रॉकच्या वळणाचं गाणं काढायचं होतं. ती अडून बसली की नाही, हेच. 19 वर्षांची पोरगी, पहिलाच रेकॉर्ड, आणि समोर एवढी मोठी कंपनी. तिचं ऐकलं गेलं, जानेवारी 1978 मध्ये गाणं आलं आणि मार्चमध्ये आबा (ABBA) या स्वीडिश बँडचं गाणं खाली ढकलून चार आठवडे नंबर वन राहिलं. स्वतः लिहिलेलं गाणं घेऊन ब्रिटनमध्ये नंबर वनला पोचलेली ती पहिली बाई. तिच्या पुढच्या सगळ्या प्रवासाचं बीज मला त्या अडून बसण्यातच दिसतं, म्हणून हे जरा सविस्तर सांगितलं.

त्याच्या आधीचं थोडक्यात: लंडनच्या कडेला वेलिंग इथे एका जुन्या फार्महाउसमध्ये वाढली, वडील डॉक्टर, आई आयर्लंडची, दोन मोठे भाऊ, घरात सतत गाणं. शाळकरी वयातच ढीगभर गाणी लिहून झाली होती. त्यांची टेप ओळखीतून पिंक फ्लॉइड या बँडच्या डेव्हिड गिलमोरकडे पोचली, त्याला ती इतकी भावली की त्याने पदरचे पैसे घालून नीट रेकॉर्डिंग करून दिलं. त्यातलं द मॅन विथ द चाइल्ड इन हिज आइज आत्ताच ऐका, तेरा वर्षांच्या आसपास लिहिलेलं आणि सोळाव्या वर्षी ऑर्केस्ट्रासोबत गायलेलं. ईएमआयने करार केला पण लगेच अल्बम काढायची घाई केली नाही, त्या मधल्या काळात ती लिंडसे केम्प या नर्तकाकडे माइम, म्हणजे मूकाभिनय, आणि नाच शिकली, आणि लंडनच्या पबमध्ये बँड घेऊन गायली.

इथे एक छोटं काम करा. वदरिंग हाइट्सचे दोन्ही व्हिडिओ बघा, पांढऱ्या झग्यातला आणि माळरानावरचा लाल झग्यातला. हात कसे फिरतात, डोळे कसे होतात बघा. त्या लाल झग्यावरून आता दर जुलैमध्ये वेगवेगळ्या देशांत शेकडो लोक लाल कपडे घालून मैदानात जमतात आणि तो नाच एकत्र करतात, पुरुषसुद्धा. मग तिने 1986 मध्ये द होल स्टोरी या संग्रहासाठी हेच गाणं नव्याने गायलं, तेही ऐका. आठ वर्षांत गळा किती भरला, किती खाली उतरला ते तिथे कानाला लगेच कळतं.

पहिला अल्बम द किक इनसाइड आवडला तर पूर्ण ऐका. दुसरा, लायनहार्ट, नोव्हेंबर 1978 चा, सध्या राहू द्या. तो घाईत करायला लावला असं तिला स्वतःलाही वाटायचं.

पायरी ३: नेव्हर फॉर एव्हर मधली तीनच गाणी

1980 चा हा अल्बम थेट नंबर वन झाला, ब्रिटनच्या एकट्या गायिकेचा असा पहिलाच. सगळा ऐकायची घाई नको, तीन गाणी घ्या.

बाबुश्का: नवऱ्याची परीक्षा घ्यायला बायको दुसऱ्याच नावाने त्याला पत्रं लिहिते आणि तो त्या अनोळखी बाईच्या प्रेमात पडतो, म्हणजे बायकोच्याच, पण तिच्या तरुण रूपाच्या. मधे काचा फुटतात ना, त्या खऱ्या फोडलेल्या काचा आहेत, फेअरलाइटमध्ये भरून घेतलेल्या. आर्मी ड्रीमर्स: सैन्यात गेलेला मुलगा शवपेटीत परत आलाय आणि आई बोलतेय, चाल मात्र पाळणा हलवावा तशी संथ, आणि बंदुकीचा खटका ताल म्हणून वाजतो. इतक्या हळू आवाजात इतकं दुखवणारं युद्धाचं गाणं मी दुसरं ऐकलेलं नाही. तिसरं ब्रीदिंग. कोण बोलतंय? पोटातलं बाळ, बाहेर अणुबॉम्ब पडलाय आणि आईच्या श्वासातून विष आत येतंय. हे रात्री एकट्याने ऐकू नका असं सांगणार होतो, पण खरं तर तसंच ऐकायला हवं.

याच अल्बमवर ब्लो अवे नावाचं छोटं गाणं आहे, ते बिल डफिल्ड नावाच्या माणसासाठी आहे. 1979 च्या एप्रिल-मेमध्ये तिने आयुष्यातला एकमेव दौरा केला, गाणं, नाच, माइम, जादू सगळं एकत्र, कपडे सतरा वेळा बदलायचे. नाचताना हात मोकळे राहावेत म्हणून साउंडवाल्याने कपड्याच्या हँगरची तार वाकवून डोक्यावर लावायचा माइक बनवला, आज प्रत्येक पॉप शोमध्ये दिसतो तो प्रकार तेव्हा नवाच होता. पहिल्याच, रंगीत तालमीसारख्या शोनंतर पूल या गावी लाइटचं काम बघणारा हा बिल थिएटरमध्ये उंचावरून पडला आणि वारला, 21 वर्षांचा होता. दौरा पूर्ण केला, त्याच्या घरच्यांसाठी एक वेगळा शोही केला, आणि मग 35 वर्षं तिने स्वतःचा असा पूर्ण कार्यक्रम केला नाही.

पायरी ४: द नाइन्थ वेव्ह

आता तुम्ही तयार आहात. 1985 चा हाउंड्स ऑफ लव्ह लावा. मूळ रेकॉर्डची पहिली बाजू सोपी आहे, पाच गाणी, त्यात क्लाउडबस्टिंग चुकवू नका: पाऊस पाडायचं यंत्र बनवणाऱ्या विल्हेल्म राइख या शास्त्रज्ञाला सरकारी माणसं पकडून नेतात, आणि बोलतोय त्याचा लहान मुलगा. व्हिडिओत बाप डोनाल्ड सदरलंड आणि मुलगा केट स्वतः.

दुसरी बाजू म्हणजे द नाइन्थ वेव्ह, सात गाणी, साधारण 26 मिनिटं, एकच गोष्ट. ही मधेच तोडायची नाही. रात्री, दिवे घालवून, फोन लांब ठेवून. जहाजावरून पडलेली एक बाई समुद्रात तरंगतेय, अंगात लाइफ जॅकेट, त्यावर एक छोटा दिवा लुकलुकतोय, आणि तिला झोपायचं नाही, झोपली की संपली. पहिल्या गाण्यात ती पेंगते. दुसऱ्यात बर्फाखाली कुणीतरी अडकलेलं दिसतं आणि ते आपणच आहोत हे तिला कळतं. तिसऱ्याच्या सुरुवातीला तऱ्हेतऱ्हेचे आवाज तिला उठ उठ म्हणतात, नीट ऐका, त्यात आईवडिलांसारखे घरगुती आवाजही आहेत, आणि मग एकदम चेटकीण म्हणून तिच्यावर खटला सुरू होतो, शब्द तुटत तुटत येतात. चौथ्यात ती घरी गेलीय, पण कुणाला दिसत नाही, घरातला माणूस घड्याळाकडे बघत तिची वाट बघतोय आणि ती शेजारीच उभी. मला सगळ्यात जास्त हेच लागतं.

पाचवं जिग ऑफ लाइफ. इथे आयर्लंडचे वादक आहेत, फिडल, पाइप्स, ढोल, डब्लिनला जाऊन रेकॉर्ड केलेलं, आईच्या मातीतलं. बोलणारी आहे तीच बाई, पण म्हातारी झालेली, भविष्यातून आलेली, आणि ती तरुणीला दटावतेय की तू इथे मेलीस तर माझं काय, माझ्या वाट्याचं आयुष्य माझं आहे, ते मला दे. सहाव्यात ती आभाळातून पृथ्वी बघते, मधे संगीत थांबतं आणि पुरुषांचे खर्जातले आवाज येतात, ती जॉर्जियातल्या एका लोकगीताची चाल आहे. त्या जागी श्वास रोखला जातो, आपोआप. आणि सातव्यात पहाट, धुकं, ती वाचलीय, आणि आई, वडील, भाऊ एकेकाचं नाव घेऊन म्हणते की तुम्हाला सांगेन माझं किती प्रेम आहे. इथे लगेच पुढचं काही लावू नका. दोन मिनिटं बसा तसेच.

हे असं करता आलं याचं कारण साधं आहे, तिने आईवडिलांच्या फार्मवर स्वतःचा स्टुडिओ बांधला होता. बाहेरच्या स्टुडिओत तासाचे पैसे मोजावे लागतात आणि डोक्यावर घड्याळ असतं. घरच्या स्टुडिओत एका आवाजासाठी आठवडा घालवता येतो, विचारणारं कोणी नाही.

पायरी ५: द ड्रीमिंग, आता, आधी नाही

1982 चा हा अल्बम क्रमाने हाउंड्स ऑफ लव्हच्या आधी येतो, पण मुद्दाम नंतर ठेवलाय. पहिल्यांदाच तिने सगळं प्रॉडक्शन एकटीने केलं आणि मनात येईल ते सगळं ओतलं. ओरडणं आहे, गाढवाचं रेकणं आहे, एकावर एक दहा आवाज आहेत. अल्बम तिसऱ्या नंबरला गेला पण सॅट इन युअर लॅप सोडलं तर सिंगल्स आपटली, त्यातलं चोरांचं गाणं देअर गोज अ टेनर तर पहिल्या 75 मध्येही आलं नाही. कंपनी नाराज, लोक म्हणाले ही वेडी झाली. आणि अशा वेळी ती मागे सरली नाही, उलट वर सांगितलेला तो स्टुडिओ बांधला. म्हणून मी म्हणतो हा अल्बम अपयश नाहीच, हाउंड्सचा पाया इथेच घातला गेला. सॅट इन युअर लॅप आणि हुडिनी या दोन गाण्यांपासून सुरू करा, मग बाकीचं.

पायरी ६: 1989 आणि 1993, थोडं निवडून

द सेन्शुअल वर्ल्ड मधून तीन. धिस वुमन्स वर्क, बाळंतपणात काहीतरी बिघडलंय आणि बाहेरच्या खोलीत नवरा एकटा बसून बोलतोय. जे कधी दवाखान्याच्या बाकावर तसे बसलेत त्यांना जास्त सांगायला नको. डीपर अंडरस्टँडिंग, एकटा पडलेला माणूस कॉम्प्युटरशी बोलायला लागतो आणि तो कॉम्प्युटर त्याला माणसांपेक्षा जवळचा वाटतो, वर्ष 1989, आजच्या घडीला ऐकताना दचकायला होतं. त्यात कॉम्प्युटरचा आवाज म्हणून बल्गेरियाच्या तीन लोकगायिका गातात, त्रिओ बुल्गार्का. तिसरं खुद्द शीर्षकगीत. त्यासाठी तिला जेम्स जॉइसच्या युलिसिस या कादंबरीतल्या मॉली ब्लूम या पात्राचे शब्दच वापरायचे होते, परवानगी मिळाली नाही, म्हणून स्वतःचे लिहिले. पण विषय सोडला नाही. वीसेक वर्षांनी पुन्हा विचारलं, मिळाली, आणि 2011 च्या डिरेक्टर्स कट या अल्बमवर मूळ शब्दांसह पुन्हा गायली. दोन्ही एकापाठोपाठ ऐका.

द रेड शूज मधून मोमेंट्स ऑफ प्लेझर ऐका, गेलेल्या माणसांची आठवण आहे. प्रिन्स, एरिक क्लॅप्टन, जेफ बेक असे लोक या अल्बमवर वाजवून गेलेत तरी मला तो सगळ्यात कमी धरून ठेवतो. आई नुकतीच गेली होती, तो काळच जड होता.

पायरी ७: 12 वर्षं गप्प, मग एरियल

1993 नंतर ती दिसेनाशी झाली. पेपरवाल्यांनी हवं ते लिहिलं, वेडी झाली, कोंडून घेतलंय. ती मुलगा वाढवत होती आणि आपल्या वेगाने अल्बम करत होती. 2005 मध्ये एरियल आला, दोन डिस्कचा.

पहिल्या डिस्कवर एक गाणं गणितातल्या पाय (π) या संख्येच्या आकड्यांवर आहे, ती दशांशानंतरचे आकडे गात जाते, नुसते आकडे, आणि ते ऐकताना आपण हळवे होतो हे मला आजही पूर्ण कळलेलं नाही. एक गाणं मुलावर. आणि मिसेस बार्टोलोझी, फक्त पियानो आणि आवाज: एक बाई कपडे धुतेय, मशीनमध्ये त्याची पँट आणि तिचा ब्लाउज एकमेकांत गुंततात, आणि बघता बघता तिच्याभोवती समुद्र होतो. घरकामात मन कुठल्या कुठे जातं हे ज्याला माहितीय त्याला हे गाणं लगेच आपलं वाटेल.

दुसरी डिस्क, अ स्काय ऑफ हनी, सुमारे 42 मिनिटं, एक आख्खा दिवस, दुपार, संध्याकाळ, रात्र, आणि पुन्हा पहाटेचे पक्षी. नाइन्थ वेव्ह रात्री ऐकायची, ही सुट्टीच्या दिवशी दुपार कलताना लावा, गच्चीत किंवा खिडकीशी. शेवटी ती पक्ष्यांबरोबर हसते, नुसतं हसते, आणि पक्षीही जणू उत्तर देतात.

या दोन्ही गोष्टी तिने 2014 मध्ये रंगमंचावर केल्या, हॅमरस्मिथ अपोलोत, 22 शो, तिकिटं 15 मिनिटांत संपली होती. 1979 चा दौरा याच थिएटरात संपला होता. फोन बाजूला ठेवा अशी तिने आधीच विनंती केली आणि लोकांनी मानली. पहिल्या चार अल्बममधलं एकही गाणं गायली नाही, वदरिंग हाइट्ससुद्धा नाही. त्याचं रेकॉर्डिंग बिफोर द डॉन नावाने आहे, पण ते मूळ अल्बम मुरल्यावरच घ्या.

पायरी ८: बर्फ

फिफ्टी वर्ड्स फॉर स्नो, 2011, सात गाणी, 65 मिनिटं, खूप संथ. पहिल्याच गाण्यात आभाळातून पडणाऱ्या बर्फाच्या कणाचा आवाज तिच्या मुलाने, बर्टीने दिलाय. त्याला झेलायला खाली कोणीतरी थांबलंय, ती आई. हा अल्बम तिने फिश पीपल या स्वतःच्या लेबलवर काढला. त्यानंतर नवा स्टुडिओ अल्बम आलेला नाही आणि तिने कुणाच्या आग्रहाखातर काढलाही नाही.

एकूण वेळेचं म्हणाल तर हे सगळं दोन महिन्यांत आरामात होतं, आठवड्याला एक पायरी, आणि मधे एखादा आठवडा तिथेच रेंगाळलात तर उत्तमच. मी नाइन्थ वेव्हवर तीन आठवडे काढले होते. कुठली पायरी आवडली नाही तर जबरदस्ती करू नका, पुढची घ्या, वर्षभराने परत या.

सगळ्यात शेवटी अमंग एंजल्स ठेवा, याच बर्फाच्या अल्बमचं शेवटचं गाणं. 2014 च्या शोमध्ये सगळा गोतावळा आत गेल्यावर ती एकटी पियानोवर बसून हे गायची. रेकॉर्डवर सुरुवातीलाच ती पियानोवर एक सूर लावते, थबकते, आणि पुन्हा सुरू करते. ते तिने कापलेलं नाही.